दूरच्या डॉक्टरास काय सांगावे?
खेड्यातील मंडळ्यांकरिता एक आरोग्यपाठ



खेड्यात राहणाऱ्या मनुष्यास आजाराचे जितके भय वाटते, त्याहून अधिक भय आजाराच्या वेळेचे वाटते. दिवसाढवळ्या ताप आला तर बाजाराच्या गाडीने तालुक्यास जाता येते. परंतु आषाढातल्या मध्यरात्री ओढ्यास पूर आला असता घरातील कर्त्या पुरुषास सर्प डसला, किंवा नुकत्याच प्रसूत झालेल्या सुनेचा रक्तस्राव थांबेना, तर काय करावे? अशा वेळी घरात रडारड होते, अंगण शेजाऱ्यांनी भरून जाते, प्रत्येक जण एक उपाय सांगतो, आणि अमूल्य घटका निघून जाते.

आज बहुतेक घरी खिशात फोन आहे. डॉक्टर दहा कोसांवर असला तरी त्याचा शब्द क्षणात आपल्या ओसरीवर येऊ शकतो. हे मोठे साधन आहे ह्यात शंका नाही. पण नांगर घरात असल्याने शेत पिकत नाही. तो धरता यावा लागतो. फोनचेही तसेच आहे. म्हणून आणीबाणीच्या प्रसंगी दूरच्या डॉक्टराचा सल्ला कसा घ्यावा, त्याचा उपयोग कोठवर होतो व कोठे संपतो, ह्याविषयी आजच्या पाठात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. आरंभी एक खरी घडलेली हकिकत सांगतो, कारण ह्या विषयातील बहुतेक सारे शिक्षण तिच्यात साठविलेले आहे.

१. हॉल्स क्रीक येथील पोस्टमास्तर

ऑस्ट्रेलिया खंडाच्या वायव्य भागात हॉल्स क्रीक नावाचे एक लहान गाव आहे. सन १९१७ मध्ये त्या मुलखातील एका गुरांच्या वाड्यावर जिमी डार्सी नावाचा तरुण गुराखी घोड्यावरून पडून पोटात जबर जखमी झाला. त्याच्या सोबत्यांनी त्यास कित्येक तास गाडीत घालून हॉल्स क्रीक येथे आणिले. गावात डॉक्टर नव्हता. टकेट नावाचे पोस्टमास्तर होते. त्यांनी पूर्वी प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले होते, एवढाच काय तो आधार.

टकेट यांनी आपल्या तारायंत्रावरून दूरच्या पर्थ शहरातील डॉक्टर हॉलंड यांस गाठले. हेच हॉलंड त्यांचे प्रथमोपचाराचे शिक्षक होते. तारेची वाट तीन हजार किलोमीटरांहूनही लांब होती. तारायंत्राच्या कट्ट-कडकट्ट ह्या भाषेत एकीकडून रोग्याची लक्षणे जात होती व दुसरीकडून प्रश्न येत होते. डॉक्टरांचे निदान झाले की मूत्राशय फुटले आहे आणि ताबडतोब शस्त्रक्रिया केली नाही तर रोगी वाचणार नाही. पोस्टमास्तरांनी कळविले की आपणापाशी हत्यारे नाहीत. तेव्हा चाकू व वस्तरा ह्यांवर भागवावे, असे ठरले. आणि त्या मनुष्याने, ज्याने जन्मात कोणाच्या अंगास शस्त्र लाविले नव्हते, तारेवरून येणाऱ्या एकेका वाक्यासरशी शस्त्रक्रिया केली. ती एकदा करून भागले नाही, म्हणून दुसऱ्यांदाही करावी लागली.

इकडे डॉक्टर हॉलंड स्वतः निघाले. गुरे वाहणारे जहाज, मग मोटार, मग घोडागाडी, आणि शेवटी पायी, असा सुमारे दहा दिवसांचा प्रवास करून ते हॉल्स क्रीक येथे पोहोचले. तेथे त्यांस कळले की रोगी आदल्याच दिवशी मरण पावला.

आता वाचकांनी येथे थांबून नीट लक्ष द्यावे. शस्त्रक्रिया चुकली नव्हती. ती यशस्वी झाली होती. डार्सी मरण पावला तो हिवतापाने व आंत्रपुच्छातील गळू फुटल्याने. ह्या दोन रोगांचे निदान झालेच नव्हते.

२. ह्या हकिकतीतून काय शिकावे

पहिली गोष्ट अशी की, दूरचा सल्ला ही केवळ मनाची समजूत नव्हे. एका सामान्य पोस्टमास्तराच्या हातून, नुसत्या शब्दांच्या बळावर, फुटलेल्या मूत्राशयावर उपचार झाला. ज्या घरात डॉक्टर नाही त्या घरातही हुशार, शांत व आज्ञाधारक हात असेल, तर पुष्कळ काही करता येते.

दुसरी गोष्ट अशी की, टकेट यांस हे साधले कारण त्यांची तयारी आधीची होती. ते प्रथमोपचार शिकले होते व ज्यास विचारावयाचे तो डॉक्टर त्यांच्या ओळखीचा होता. संकट आल्यावर शिकावयास बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दूरच्या डॉक्टरास डोळे नसतात, हात नसतात, नाक नसते. जे त्यास सांगितले जाते तेवढेच त्यास दिसते. फुटलेल्या मूत्राशयाची लक्षणे कळविली गेली, म्हणून त्याचा उपचार झाला. जे ओळखलेच गेले नाही, त्याचा झाला नाही. ह्यात पोस्टमास्तरांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्या दिवसांत व त्या स्थळी त्यांनी केले त्याहून अधिक फार थोड्यांनी केले असते. पण आम्हास हे शिकलेच पाहिजे की, डॉक्टराने काय करावे ह्यापूर्वी आपण त्यास काय सांगावे हा प्रश्न येतो.

चौथी गोष्ट अशी की, डॉक्टर हॉलंड यांनी सल्ला देऊन काम संपले असे मानिले नाही. ते निघाले. दूरचा शब्द हा रोगी डॉक्टरापर्यंत किंवा डॉक्टर रोग्यापर्यंत पोहोचेतो धीर धरविणारा पूल आहे. तो मुक्काम नव्हे.

३. फ्लिन यांचे कार्य

जॉन फ्लिन हे प्रेसबिटेरियन मंडळीचे पाळक होते. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात विखुरलेल्या वस्त्यांची सेवा करण्यासाठी त्यांच्या मंडळीने १९१२ साली एक मिशन स्थापिले, व त्याचे काम फ्लिन यांच्याकडे सोपविले. डार्सीसारख्या मनुष्यांच्या कबरी त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. क्लिफर्ड पील नावाचा एक वैद्यकाचा विद्यार्थी सैन्यात वैमानिक झाला होता. त्याने १९१७ साली फ्लिन यांस पत्र लिहून विमानाने डॉक्टर पाठविण्याची कल्पना मांडिली. तो तरुण पुढल्याच वर्षी फ्रान्समध्ये युद्धात पडला. आपल्या पत्राचे काय झाले हे त्यास पाहावयास मिळाले नाही.

फ्लिन यांनी ती कल्पना सोडली नाही. त्यांनी दहा वर्षे पैसा व सहकारी जमविले. १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलँड प्रांतातील क्लोनकरी येथून डॉक्टर वेल्च यांस घेऊन पहिले विमान रोग्याकडे उडाले. पहिल्या वर्षी ५० फेऱ्या झाल्या व २२५ रोग्यांस उपचार मिळाले.

परंतु फ्लिन यांस एक गोष्ट ठाऊक होती. विमान कितीही वेगवान असो, त्यास बोलाविणारा आवाज नसेल तर ते जागच्या जागी उभे राहील. वस्त्यांवर तारही नव्हती, वीजही नव्हती. ह्याकरिता अॅडलेड येथील आल्फ्रेड ट्रेगर या कारागिराने एक बिनतारी संदेशयंत्र तयार केले. सायकलीप्रमाणे पायांनी पॅडल मारावे व त्यातून यंत्रापुरती वीज उत्पन्न व्हावी, अशी ती योजना होती. १९२९ साली अशी यंत्रे वस्त्यांवर बसविण्यास आरंभ झाला. आरंभी त्यांवरून ठिपके व रेघा यांच्या सांकेतिक भाषेत संदेश जात असे; पुढे प्रत्यक्ष बोलता येऊ लागले. अशा रीतीने एकाकी घरातील गृहिणी पाय हलवीत डॉक्टराशी बोलू लागली.

४. क्रमांकांची पेटी

ह्या कार्यातील आम्हास सर्वांत अधिक आवडलेली गोष्ट विमान नव्हे, पॅडलचे यंत्रही नव्हे; ती म्हणजे एक साधी पेटी. डॉक्टराने यंत्रावरून औषध सांगावे, पण औषधांची नावे लांब व कठीण. ऐकणाऱ्याच्या कानी एक जावे व हाताने दुसरेच घ्यावे, असा धोका होता. म्हणून १९४२ सालापासून प्रत्येक वस्तीवर एकसारखी औषधपेटी ठेवण्यात आली व तीतील प्रत्येक वस्तूस क्रमांक देण्यात आला. डॉक्टराने अमुक क्रमांकाची गोळी द्या म्हणावे, आणि घरच्या बाईने तोच क्रमांक पाहून काढावी. पुढे मनुष्यदेहाचे एक चित्रही देण्यात आले. त्यात शरीराच्या भागांस क्रमांक होते. कोठे दुखते हे सांगताना घोटाळा होऊ नये, हा त्याचा हेतू. ही पेटी आजही त्या देशातील दूरच्या वस्त्यांवर वापरात आहे.

ह्या पेटीचे मर्म असे की, बोलणारा व ऐकणारा या दोघांच्या हाती एकच यादी असावी. भीतीच्या क्षणी मनुष्याची बुद्धी डळमळते, जीभ अडखळते. त्या वेळी आधी ठरविलेला क्रम त्यास हात देतो.

५. आमच्याकडे आज काय साधने आहेत

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा तीत ९३७ रुग्णवाहिका ठेवण्यात आल्या. हा क्रमांक फिरविण्यास पैसे पडत नाहीत, व गाडीसही भाडे नाही. गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांच्याकरिता १०२ क्रमांक आहे. पोलीस, आग व आजार या सर्वांकरिता ११२ हा एकच क्रमांकही आहे.

ह्याखेरीज ई-संजीवनी नावाची सरकारी योजना २०१९ साली सुरू झाली. तीद्वारे गावच्या उपकेंद्रातील आरोग्य अधिकारी रोग्यास समोर बसवून दूरच्या डॉक्टराशी दृष्टिभेट घडवून आणतात. करोनाच्या साथीत, १९२० च्या दशकात फ्लिन यांनी जे स्वप्न पाहिले त्याचेच हे नवे रूप, २०२० साली थेट घरच्या फोनवरही उपलब्ध झाले. २०२३ सालच्या आरंभी ह्या योजनेतून झालेल्या सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली. मात्र ही सेवा नेहमीच्या आजारांकरिता आहे हे ध्यानात धरावे. तीत पाळी लागते, वाट पाहावी लागते. जीव धोक्यात असता आधी १०८.

२५ मार्च २०२० रोजी भारत सरकारने दूरवैद्यकाविषयी नियम प्रसिद्ध केले. त्यांत आणीबाणीविषयी स्पष्ट म्हटले आहे की, डॉक्टराने फोनवरून प्रथमोपचार व जीव वाचविण्याच्या क्रिया सांगाव्या, रोग्यास कोठे न्यावे ह्याचा सल्ला द्यावा, आणि शक्य तितक्या लवकर प्रत्यक्ष तपासणीस जाण्यास सांगावे. म्हणजे डॉक्टर हॉलंड यांनी जे केले, तेच आज नियमात आले आहे.

६. फोन कसा करावा

आता मुख्य पाठाकडे वळू. समजा, पहाटे तीनच्या सुमारास बारा वर्षांचा मुलगा पोटात दुखते म्हणून उठला. बाप घाबरून डॉक्टरास फोन करतो: "डॉक्टरसाहेब, पोराच्या पोटात फार दुखतंय, काहीतरी गोळी सांगा." डॉक्टर काय समजेल? अपचन, जंत, फार तर आंत्रपुच्छाचा विकार.

आता दुसरा बाप पाहा. तो म्हणतो: "डॉक्टरसाहेब, मुलगा बारा वर्षांचा आहे. रात्री जमिनीवर निजला होता. तीन वाजता पोटदुखीने उठला. ताप नाही, जुलाब नाहीत. अंगावर जखम दिसत नाही. पण डोळ्यांच्या पापण्या खाली पडताहेत आणि बोलताना जीभ जड झाली आहे." हे ऐकून डॉक्टर ताडकन उठेल. कारण ही मण्यार डसल्याची लक्षणे असू शकतात. मण्यार बहुधा रात्री, निजलेल्या मनुष्यास डसते. तिच्या दंशाने सूज येत नाही, वेदना फारशी होत नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. दोन्ही मुलांचा आजार एकच. पण एकाच्या बापाने दुखणे सांगितले व दुसऱ्याच्या बापाने मुलगा सांगितला.

म्हणून पुढील सात गोष्टी ह्याच क्रमाने सांगण्याची सवय करावी.

(१) आपण कोठून बोलतो: गाव, वस्ती, जवळची खूण, वाट कोठवर चालू आहे. फोन मध्येच तुटला तरी गाडी निघावी, म्हणून हे सर्वांआधी.
(२) रोगी कोण: वय, स्त्री की पुरुष, स्त्री असल्यास गरोदर आहे काय.
(३) शुद्धीवर आहे काय, श्वास चालू आहे काय, रक्त वाहत आहे काय.
(४) काय झाले व केव्हा झाले. घड्याळातील वेळ सांगावी. "मघाशी" हा शब्द डॉक्टरास काही सांगत नाही.
(५) काय दिसते, आणि काय दिसत नाही. ताप नाही, सूज नाही, उलटी नाही, हेही सांगण्यासारखे आहे.
(६) पूर्वीचे आजार व चालू औषधे: मधुमेह, रक्तदाब, फिट, दमा, कोणत्या औषधाने अपाय होतो काय.
(७) आतापर्यंत काय केले. कोणी झाडपाला दिला असेल, दोरी आवळली असेल, दारू पाजली असेल, तर लाज न धरता सांगावे. डॉक्टर न्यायाधीश नव्हे. लपविलेली गोष्ट रोग्यासच भोवते.

बोलणारा मनुष्य एकच असावा व तो रोग्याच्या जवळ असावा. अंगणातून ओरडून विचारीत बसू नये. फोनचा आवाज मोठा करून ठेवावा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. डॉक्टराने सांगितलेले वाक्य आपण पुन्हा उच्चारून दाखवावे: "दोन गोळ्या, आत्ता, पाण्याबरोबर, असंच ना?" ह्या एका सवयीने कित्येक चुका टळतात. डॉक्टराने सांगेपर्यंत फोन ठेवू नये.

७. पाच प्रसंग

सर्पदंश. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सरासरी दर वर्षी सुमारे ५८,००० माणसे दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, व त्यांतील बहुतेक खेड्यांतील होती. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सर्पांच्या विषावर आमच्या देशात एकच लस मिळते; तीखेरीज दुसरा उतारा नाही. मंत्र, मोहरा, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, घट्ट दोरी बांधणे, ह्यांनी विष उतरत नाही. उलट अपाय होतो. डसलेला अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणे फळी लावून स्थिर ठेवावा, अंगठी व बांगड्या काढाव्या, रोग्यास चालू देऊ नये, धीर द्यावा. फोनवर पहिला प्रश्न हाच करावा: "लस कोणत्या रुग्णालयात आहे?" लस नसलेल्या दवाखान्यात जाऊन पुन्हा दुसरीकडे धावण्यात जीव जातो. सर्प पकडण्याच्या भरीस पडू नये.

पक्षघात. तोंड वाकडे झाले, एक हात वर उचलेना, बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा झटका समजावा. ज्या रोग्यांच्या रक्तवाहिनीत गाठ अडकलेली असते त्यांस ती विरघळविण्याचे औषध बहुधा साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून "शेवटी ठीक केव्हा पाहिले होते" ही वेळ भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावी लागली तरी लिहावी. तोंडाने पाणीही पाजू नये.

फवारणीचे विष. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणाऱ्या पुष्कळ मजुरांस विषबाधा झाली व कित्येक मृत्यू पावले. अशा रोग्याचे भिजलेले कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने आपले हात झाकावे. विष पोटात गेले असल्यास डॉक्टराने सांगितल्यावाचून ओकारी करवू नये. औषधाच्या बाटलीवरील नाव फोनवर वाचून दाखवावे व बाटली बरोबर न्यावी.

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. "रक्त जातंय" एवढे सांगून डॉक्टरास अंदाज येत नाही. किती कापडे भिजली व किती वेळात भिजली, हे मोजून सांगावे. बाईस थंडी वाजते काय, भोवळ येते काय, तेही सांगावे. मूल अंगावर पाजावयास लावावे. गावची आशाताई व परिचारिका यांस त्याच क्षणी बोलवावे आणि गाडीस विलंब करू नये. "थोडं थांबून बघू" ह्या तीन शब्दांनी आमच्या खेड्यांत अनेक मुले आईवाचून वाढली आहेत.

श्वास बंद पडणे. मनुष्य हाक मारता ओ देत नाही व त्याचा श्वास चालत नाही, अथवा मधूनच आचके देतो, तर १०८ फिरवून फोन जमिनीवर ठेवावा आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी दाबण्यास आरंभ करावा. मोठ्या मनुष्याची छाती सुमारे पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे व मिनिटास १०० ते १२० वेळा दाबले पाहिजे. एक दमला की दुसऱ्याने बसावे. फोनवरील मनुष्य मोजून देईल.

८. फोन कोठे संपतो

दूरचा सल्ला जसा उपयोगी तसा फसवाही होऊ शकतो. त्याचा मोठा धोका हा की, बोलणे झाले म्हणजे उपचार झाला असे घरच्यांस वाटू लागते. डॉक्टराने काही सांगितले, रोग्यास जरा बरे वाटले, आणि गाडी परत पाठविली, असे घडता कामा नये. मण्यारीच्या दंशाचा रोगी आरंभी हसत-बोलत असतो. डोक्यास मार लागलेला मनुष्य दोन तास शुद्धीवर राहून मग बेशुद्ध पडू शकतो. म्हणून फोन व गाडी ही एकाच वेळी चालली पाहिजेत. एकाच्या पायी दुसरे थांबू नये.

दुसरे असे की, ज्यास आपण विचारतो तो नोंदलेला डॉक्टर असावा. फोनवर चित्रे व उपाय पाठविणारे नातलग पुष्कळ. त्यांतील एकही रोग्याची जबाबदारी घेत नाही. घरात उरलेल्या जुन्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत.

तिसरे असे की, काही वस्त्यांवर फोनचा आवाजच पोहोचत नाही. तेथे टेकडीवरचे कोणते झाड, देवळाचा कोणता कट्टा, येथे फोन लागतो, हे गावातील पोरासोरांस ठाऊक असते. ही माहिती मोठ्यांनीही करून घ्यावी. अशा ठिकाणी एकाने रोग्यापाशी बसावे, एकाने उंचावर जावे, व मध्ये धावणारा तिसरा असावा. मग निरोप तोंडी न देता कागदावर लिहून द्यावा.

९. मंडळीने काय करावे

येशूकडे पक्षघाती मनुष्यास आणिले त्या वेळी वाट गर्दीने बंद झाली होती, हे वाचकांस स्मरत असेल. चौघांनी त्यास उचलले, छप्पर उघडले व खाली सोडले. त्या चौघांपैकी एकाचेही नाव लिहून ठेविलेले नाही. बरे करणे त्यांच्या हाती नव्हते. पोहोचविणे त्यांच्या हाती होते, आणि तेवढे त्यांनी पुरते केले. आमच्या मते गावातील मंडळीचे काम ह्याच जातीचे आहे, व ते केवळ आपल्या सभासदांकरिता नव्हे, तर साऱ्या गावाकरिता करावयाचे आहे.

ह्यास मोठा खर्च लागत नाही. एका रविवारी उपासनेनंतर तासभर बसावे व पुढील कामे वाटून घ्यावी. १०८, १०२, प्राथमिक आरोग्य केंद्र, आशाताई, आणि सर्पदंशाची लस असलेले जवळचे रुग्णालय, यांचे क्रमांक एका पुठ्ठ्यावर ठळक लिहून मंदिराच्या दारात, शाळेत व पिठाच्या गिरणीत लावावे. त्याखाली वर दिलेल्या सात गोष्टी लिहाव्या. रात्री हाक मारता कोणाची जीप किंवा फटफटी निघेल, त्यांची यादी करावी. एक पेटी ठेवावी: स्वच्छ कापड, पट्ट्या, दोन फळ्या, साबण, हातमोजे, विजेरी, कागद-पेन्सिल, आणि भरून ठेविलेली फोनची बॅटरी. ती कोणाच्या घरी आहे हे सर्वांस ठाऊक असावे. आणि तरुण मंडळींनी वर्षातून दोनदा खोटा प्रसंग रचून सराव करावा: एकाने रोगी व्हावे, एकाने बोलावे, एकाने डॉक्टर होऊन प्रश्न करावे. प्रथम हसू येईल. पण ज्या रात्री खरी वेळ येईल त्या रात्री हसणाऱ्यांच्याच जिभा सरळ चालतील.

हॉल्स क्रीकच्या पोस्टमास्तरांपाशी तारायंत्र होते, चाकू होता, धैर्य होते. आमच्यापाशी त्यांच्याहून पुष्कळ अधिक आहे. डॉक्टर दहा दिवसांवर नाही, तासा-दोन तासांवर आहे. आणि बाप, आई, शेजारी, ज्याच्या हाती फोन असेल तो, त्या मधल्या वेळाचा राखणदार आहे. त्याने डोळे उघडे ठेवून पाहावे, पाहिले तेवढे सर्व सांगावे, सांगितले तसे करावे, आणि रोग्यास घेऊन निघावे.

विचाराकरिता प्रश्न

१. डार्सीवरील शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही तो का वाचला नाही? ह्यावरून फोन करणाऱ्याने कोणता बोध घ्यावा?
२. औषधपेटीतील वस्तूंस क्रमांक देण्याचे कारण काय? आपल्या गावात त्या जागी काय करता येईल?
३. फोनवर सांगावयाच्या सात गोष्टी पुस्तक मिटून सांगा. सर्वांआधी गावाचे नाव का सांगावे?
४. आपल्या घरापासून सर्पदंशाची लस असलेले रुग्णालय किती अंतरावर आहे? ठाऊक नसल्यास ह्या आठवड्यात विचारून घ्या व शेजाऱ्यास सांगा.